कचरा की माल : घातक कचऱ्याचे आंतरराष्ट्रीय नियम आपल्याकडे कसे राबवले जातात

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचे जॉबवर्क करणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडखाली, निळी पिंपे ओळीने मांडून ठेवलेली मी पाहिली. गाड्यांच्या सुट्या भागांवर जस्ताचा मुलामा चढवून झाला की त्यावर क्रोमियमचा हात फिरवतात आणि धुण्याच्या पाण्याबरोबर ते क्रोमियम खाली येते. त्या पिवळ्या पाण्यात आधी आम्ल आणि मेटाबायसल्फाइट, मग चुना टाकला की विषारी क्रोमियमचे रूप पालटते आणि ते तळाशी बसते. फिल्टर प्रेसमधून त्याच्या ओलसर, हिरवट-राखाडी वड्या निघतात. कामगार त्याला ‘स्लज’ म्हणतात. हा स्लज उघड्यावर टाकला आणि जूनचा पहिला पाऊस आला, तर तो नासर्डी नदीत उतरायला वेळ लागत नाही आणि नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते.

प्रत्येक पिंपावर भडक पिवळी पट्टी होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत, तीन भाषांत, ‘घातक कचरा’ असे लिहिले होते. खाली प्रकार क्रमांक, वजन, साठवल्याची तारीख, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव. पट्टी पाण्याने धुपणारी नसावी हेसुद्धा नियमातच आहे. सर्वसाधारणपणे ९० दिवसांच्या आत ही पिंपे रांजणगाव किंवा तळोजा येथल्या सामायिक विल्हेवाट केंद्राकडे जावी लागतात. महाराष्ट्रात अशी केंद्रे महापे आणि बुटीबोरी येथेही आहेत.

पिंपे निघतात तेव्हा त्यांच्यासोबत सात रंगांच्या सात प्रती असलेला एक कागद निघतो. त्याला मॅनिफेस्ट म्हणतात. पांढरी प्रत पाठवणारा प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतो आणि पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती स्वतःकडे ठेवतो. बाकीच्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी प्रत माल घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी मंडळाकडे जाते, निळी पाठवणाऱ्याकडे परत येते, आणि करडी प्रत पाठवणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याच्या राज्याच्या मंडळाला पाठवायची असते. आता यातली बरीचशी नोंद ऑनलाइन होते, तरी जुन्या सुपरवायझरांच्या तोंडी अजून ‘निळी आली का?’ हाच प्रश्न असतो. निळी आली म्हणजे पिंप जिथे जायला हवे होते तिथे पोचल्याचा पुरावा हाती आला.

देशादेशांमध्ये घातक कचऱ्याची ने-आण करण्यासाठी ‘बासेल करार’ हा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचा गाभा अशाच निळ्या प्रतीत आहे. पाठवणाऱ्याने आधी सांगायचे, घेणाऱ्याने लेखी हो म्हणायचे, वाटेत कागद सोबत ठेवायचा आणि पोचल्याची व विल्हेवाट लागल्याची खबर उलट पाठवायची. सांगायला एवढे सोपे असलेले हे काम एखादा देश प्रत्यक्षात कसे पार पाडतो, हे समजून घ्यायचे तर आधी करार कशामुळे झाला ते पाहावे लागते.

राखेला खत म्हटले की

१९८६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्टीतली सुमारे १४ हजार टन राख घेऊन ‘खियान सी’ नावाचे जहाज निघाले. ती राख घ्यायला कोणताही देश तयार होईना. शेवटी सुमारे ४ हजार टन राख हैतीच्या किनाऱ्यावर ‘खत’ म्हणून उतरवण्यात आली. हैतीच्या सरकारला खरा प्रकार कळेपर्यंत जहाज निघून गेले होते. पुढे त्याने नाव बदलले, पुन्हा बदलले, आणि उरलेली राख समुद्रात गेली. १९८८ साली नायजेरियातल्या कोको या बंदराच्या गावी एका शेतकऱ्याच्या अंगणात इटलीहून आलेली विषारी कचऱ्याची हजारो पिंपे सापडली. अंगण महिना सुमारे शंभर डॉलर भाड्याने घेतलेले होते आणि आत काय आहे हे त्या शेतकऱ्याला कुणी सांगितलेले नव्हते.

या दोन्ही प्रकरणांत कचऱ्याच्या विषारीपणाइतकेच महत्त्व त्याला दिलेल्या नावाला होते. राखेला खत म्हटले की ती माल होते, आणि मालाला जग मोकळे असते. श्रीमंत देशांत विल्हेवाटीचे नियम कडक झाले, तशी विल्हेवाट महाग झाली आणि कचरा स्वस्त वाटेने गरीब देशांकडे वाहू लागला. ही वाट अडवण्यासाठी २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात एक करार संमत झाला आणि ५ मे १९९२ पासून तो लागू झाला. भारताने त्यावर १९९० साली सही केली व जून १९९२ मध्ये त्याला मान्यता दिली. आज सुमारे १९० देश या कराराचे सदस्य आहेत. अमेरिकेने सही केली, पण मान्यता मात्र आजवर दिलेली नाही. ज्या देशात ‘खियान सी’ची राख निर्माण झाली तोच बाहेर राहिला, हे मला नेहमी बोचते.

कराराचे बंधन ढोबळमानाने असे आहे. कचरा शक्यतो निर्माण करू नये, झाला तर जवळात जवळ त्याची विल्हेवाट लावावी. सीमेपार पाठवायचाच असेल तर घेणाऱ्या देशाची आणि ज्या देशांतून तो जाणार आहे त्यांची पूर्वसंमती लेखी घ्यावी. सदस्य नसलेल्या देशाशी, वेगळा समतुल्य करार नसेल तर, असा व्यवहार करू नये. बेकायदा पाठवलेला कचरा पाठवणाऱ्या देशाने परत घ्यावा. कोणत्याही देशाला ‘आमच्याकडे हा कचरा नको’ असे जाहीर करण्याचा हक्क आहे, आणि तो इतरांनी मानावा. किरणोत्सारी कचरा या करारात येत नाही, कारण त्याची व्यवस्था वेगळी आहे.

करार दिल्लीत पोचतो तेव्हा

आपल्याकडे सरकारने परदेशात सही केली म्हणून अंबडच्या कारखानदारावर आपोआप कसलेही बंधन येत नाही. करार देशांतर्गत कायद्यात उतरावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद २५३ नुसार आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसदेला कायदा करता येतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या प्रास्ताविकात जून १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतल्या निर्णयांचा स्पष्ट उल्लेख आहे तो यामुळेच. त्या अधिनियमाने केंद्र सरकारला घातक पदार्थांविषयी नियम करण्याचा अधिकार दिला, आणि त्या अधिकारात १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. गंमत अशी की भारताने कराराला मान्यता देण्याच्या आधीच हे नियम अस्तित्वात होते. २००८ साली ते नव्याने लिहिले गेले आणि आज लागू आहेत ते ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेले नियम. त्यांच्या नावातच ‘सीमापार वाहतूक’ हे शब्द आहेत.

म्हणजे साखळी अशी आहे : करार, अधिनियम, नियम, नियमांना जोडलेल्या अनुसूच्या, त्यांना जोडलेले नमुने म्हणजे भरायचे फॉर्म, आणि शेवटी त्या नमुन्यावर कुणाची तरी सही. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती पहिल्या दोन कड्यांची. पण व्यवहारात माल अडतो किंवा सुटतो तो शेवटच्या तीन कड्यांवर, आणि म्हणून या लेखात मी त्यांनाच अधिक जागा देणार आहे.

अनुसूच्या म्हणजे याद्या, आणि याद्या म्हणजे नावे. करारात कचऱ्याचे प्रवाह ‘वाय’ अक्षराने मोजलेले आहेत. धातूंच्या पृष्ठभागावरच्या प्रक्रियेतून निघणारा कचरा वाय १७, सहा-संयुजी क्रोमियमची संयुगे वाय २१, निकामी खनिज तेल वाय ८, ॲस्बेस्टॉस वाय ३६. म्हणजे अंबडच्या त्या पिंपातला स्लज उद्या सीमेपार निघाला असता, तर त्याच्या कागदावर वाय १७ लिहावे लागले असते. यादीत नाव असणे मात्र पुरेसे नसते, गुणधर्मही पाहावा लागतो : पेट घेणारा आहे का, गंजवणारा आहे का, विषारी आहे का, जमिनीत झिरपून पुढे विष सोडणारा आहे का. भारताच्या नियमांनी याला आपला साचा दिला. पहिल्या अनुसूचीत ३८ औद्योगिक प्रक्रिया आणि त्यांतून निघणारा कचरा क्रमांकाने दिला आहे. वापरलेले तेल ५.१, रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे ३३.१, सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३. सातपूर-अंबडमधल्या पर्यावरण सल्लागारांशी बोला, ते कचऱ्याचे नाव न घेता हे आकडेच बोलतात.

आयातीसाठी महत्त्वाची आहे ती तिसरी अनुसूची. तिच्या ‘अ’ भागातला कचरा आणायचा तर निर्यातदार देशाची पूर्वसंमतीची प्रक्रिया आणि आपल्या पर्यावरण मंत्रालयाची परवानगी, दोन्ही लागतात. ‘ब’ भागातल्या कचऱ्याला मंत्रालयाची परवानगी लागते, पण पूर्वसंमती लागत नाही. ‘ड’ भागातल्या वस्तूंना, म्हणजे धातूंचे स्वच्छ भंगार, रद्दी कागद अशांना, मंत्रालयाकडे जावे लागत नाही, ठरलेली कागदपत्रे सीमाशुल्क अधिकाऱ्याने तपासायची असतात. सहावी अनुसूची मात्र बंद दरवाजा आहे. घरगुती कचरा, वापरलेले खाद्यतेल व चरबी, पुन्हा तसेच वापरण्यासाठीचे टायर, अतिदक्षता विभागातली जुनी वैद्यकीय उपकरणे, विद्युत-इलेक्ट्रॉनिक भागांचे भंगार, घन स्वरूपातला प्लास्टिक कचरा यांना भारतात प्रवेश नाही. प्लास्टिकच्या बाबतीत पूर्वी विशेष आर्थिक क्षेत्रांना आणि निर्यातप्रधान उद्योगांना वाट मोकळी होती, १ मार्च २०१९ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. मालेगावात प्लास्टिकची गिट्टी करणाऱ्या कारखान्यांना आता आपल्याच देशातल्या गोळा केलेल्या मालावर भागवावे लागते.

आणि या सगळ्याच्या वर एक सरसकट नियम आहे : केवळ फेकून देण्यासाठी, पुरण्यासाठी किंवा जाळण्यासाठी कोणताही घातक कचरा भारतात आणता येत नाही. आणायचा तर पुनर्चक्रणासाठी, त्यातून काही मिळवण्यासाठी किंवा वापरण्यासाठी, आणि तोही ज्याच्याकडे ते करण्याची यंत्रणा आहे अशा ‘प्रत्यक्ष वापरकर्त्या’नेच. ‘प्रत्यक्ष वापरकर्ता’ या दोन शब्दांत आपल्या नियमांचे खरे शहाणपण आहे असे मला वाटते. व्यापारी माल आणून तो कुणालाही विकू लागला की कचरा कुठे गेला याचा मागच लागत नाही. कारखान्याला मात्र पत्ता असतो, संमतीपत्र असते आणि वीजबिल असते.

एका बॅटरीचा प्रवास

कल्पनेने एक उदाहरण घेऊ. सिन्नरच्या एखाद्या शिसे गाळणाऱ्या कारखान्याला आखातातल्या एका देशातून जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या आणायच्या आहेत. शिसे-आम्लाच्या टाकाऊ बॅटऱ्या करारात ए ११६० या नोंदीखाली येतात आणि आपल्या तिसऱ्या अनुसूचीच्या ‘अ’ भागातही आहेत.

कारखान्याकडे आधी जल आणि वायू अधिनियमांखालचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चालवण्याचे संमतीपत्र हवे आणि घातक कचऱ्याचे प्राधिकारपत्र हवे. वर्षाला किती टन गाळण्याची क्षमता आहे, धुराड्यावर शिशाची धूळ पकडणारी कोणती यंत्रणा आहे, सांडलेले आम्ल कुठे जाते, गाळल्यावर उरणारी मळी कुठे पाठवली जाते, हे सगळे तिथे नोंदलेले असते. मग नमुना ५ मध्ये अर्ज दिल्लीला मंत्रालयाकडे जातो आणि त्याची प्रत राज्य मंडळाकडे. मंडळ आपले मत देते, मंत्रालयाची तज्ज्ञ समिती अर्ज तपासते. कारखान्याच्या क्षमतेपेक्षा जास्त माल मागितला असेल तर प्रश्न तिथेच उभा राहतो.

तिकडे निर्यातदार देशाच्या सक्षम प्राधिकरणाने आपल्या मंत्रालयाला लेखी सूचना द्यायची असते : काय, किती, कुठून, कोणत्या मार्गाने, कोणाकडे, विमा कोणाचा. वाटेतल्या देशाच्या बंदरातून कंटेनर जाणार असेल तर त्यालाही कळवायचे. भारताकडून लेखी होकार गेल्याशिवाय आणि निर्यातदार व कारखाना यांच्यात रीतसर विल्हेवाटीचा करार झाल्याशिवाय माल हलता कामा नये. होकार मिळाला की त्याची प्रत केंद्रीय मंडळ, राज्य मंडळ आणि बंदराच्या सीमाशुल्क कार्यालयाकडे जाते, म्हणजे कंटेनर न्हावाशेव्याला लागेल तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याकडे त्याची खबर आधीच असते. निदान असावी अशी अपेक्षा आहे.

कंटेनरसोबत नमुना ६ चा वाहतूक दस्तऐवज आणि प्रयोगशाळेचा अहवाल असतो. सीमाशुल्क अधिकारी माल सोडण्यापूर्वी त्यातले कुठूनही तीन नमुने (सँपल) घेऊन तपासायला पाठवतात आणि तो अहवाल दोन वर्षे जपून ठेवतात, कारण वाद उद्भवला तर तोच कामी येतो. मग ट्रक कसारा घाट चढून सिन्नरला येतो. कारखाना मालाची आवक नोंदवहीत चढवतो आणि ३० जूनपर्यंत मागच्या आर्थिक वर्षाचे विवरण मंडळाला देतो. या विवरणांचा सारांश दिल्लीत गोळा होतो आणि तिथून भारताचा वार्षिक अहवाल जिनिव्हातल्या बासेल सचिवालयाला जातो. म्हणजे सिन्नरच्या कारकुनाने भरलेला एक आकडा खरोखरच जिनिव्हापर्यंत पोचतो, फक्त वाटेत त्यात इतके आकडे मिसळतात की तो ओळखू येत नाही.

जिथे नावे गोंधळ घालतात

सीमाशुल्क विभाग सगळ्या वस्तूंची ओळख आपल्या शुल्क-संकेतांकांवरून करतो. बासेलच्या यादीतले संकेतांक आणि शुल्काचे संकेतांक एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. एकाच शुल्क-संकेतांकाखाली निर्धोक धातूभंगार आणि तेलाने माखलेले भंगार दोन्ही येऊ शकतात. त्यात भंगाराच्या व्यापाराची स्वतःची भाषा वेगळीच आहे. अमेरिकी भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनेने ठरवलेली सांकेतिक नावे जगभर चालतात : पिवळ्या पितळेच्या भंगाराला ‘हनी’, प्लास्टिकचे आवरण असलेल्या तांब्याच्या वायरीला ‘ड्रुइड’, आम्ल काढून टाकलेल्या अख्ख्या बॅटऱ्यांना ‘रेन्स’. आपल्या सरकारी नियमांच्या अनुसूचीतसुद्धा ‘ड्रुइड’ हा शब्द आला आहे. कायद्याला भंगारवाल्याची बोली शिकावी लागली, आणि ते बरेच झाले, कारण सौदा ज्या शब्दात होतो त्या शब्दात नियम असेल तरच तो लागू करता येतो.

रद्दी कागदाचे उदाहरण नाशिककरांना जवळचे आहे. द्राक्षांच्या पेट्यांसाठी लागणारा तपकिरी कागद रद्दीपासून बनतो आणि देशातल्या पेपर मिल त्यासाठी परदेशी रद्दीही वापरतात. स्वच्छ रद्दी कराराच्या दृष्टीने घातक नाही, म्हणून अमेरिका सदस्य नसूनही तिथून ती येऊ शकते. पण गठ्ठ्याच्या मध्यभागी घरगुती कचरा दाबून भरलेला असेल, तर तोच गठ्ठा ‘ड’ भागातून उडी मारून सहाव्या अनुसूचीत जातो. गठ्ठा फोडून पाहिल्याखेरीज हे कळत नाही, आणि बंदरावर दिवसाला येणाऱ्या कंटेनरांपैकी थोडेच फोडले जातात.

न पाहिल्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात केलेल्या भंगारात आलेला तोफगोळा फुटला आणि दहा कामगार मृत्युमुखी पडले. धातूभंगारासोबत स्फोटके आणि किरणोत्सारी वस्तू नसल्याचे, माल चढवण्याआधीचे तपासणी प्रमाणपत्र मागण्याची पद्धत त्यानंतर कडक झाली. ही अट परकीय व्यापार महासंचालनालयाची आहे, बासेलची नव्हे. पण बंदरावर दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात.

माल परत पाठवणे म्हणजे काय

२०१० सालची आठवण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदारांना असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘सीसीसी’चा, अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांच्या कंटेनरांना नकार मिळाला होता. आपण पाठवलेला माल दारातून परत फिरला की भाडे, विलंबशुल्क आणि नाचक्की कोणाच्या वाट्याला येते हे नाशिक जिल्ह्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

घातक कचऱ्याचा नियम याच्या उलट दिशेने तसाच आहे. परवानगीशिवाय, खोटी माहिती देऊन किंवा कागदावर नसलेले दूषित पदार्थ मिसळून आलेला माल बेकायदा समजला जातो आणि भारतात पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत आयातदाराने तो स्वखर्चाने परत पाठवायचा असतो. यावर देखरेख बंदर आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांची. आयातदार सापडतच नसेल तर सीमाशुल्क विभाग तो माल मंडळाच्या अधिकृत वापरकर्त्याला विकू शकतो किंवा विल्हेवाट केंद्राकडे पाठवू शकतो. नियमात ही शेवटची तरतूद करावी लागली, यावरून ‘आयातदार सापडत नाही’ हा प्रकार किती नेहमीचा असावा याची कल्पना येते.

परत पाठवणे जमले नाही की काय होते, याचा धडा न्हावाशेव्यानेच दिला आहे. वंगणतेल म्हणून आणलेले टाकाऊ तेल भरलेले १३३ कंटेनर तिथे वर्षानुवर्षे पडून होते. हे प्रकरण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या एका जनहित याचिकेत आले. त्या याचिकेत न्यायालयाने १९९७ साली प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली होती, आणि तिच्या अहवालानंतर २००३ साली घातक कचऱ्याविषयी सविस्तर आदेश दिले होते. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने ते तेल भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आणि त्याचा खर्च आयातदारांकडून घेण्याचा आदेश दिला. जो घाण करतो त्याने किंमत मोजावी हे तत्त्व पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावते, बंदरावर त्याला कित्येक वर्षे लागली.

त्यानंतर वर्षभरातच फ्रेंच नौदलाची ‘क्लेमान्सो’ ही निवृत्त विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉससह गुजरातच्या अलंग किनाऱ्याकडे तोडण्यासाठी निघाली. ती कचरा की जहाज, असा वाद आपल्या न्यायालयात आणि फ्रान्समध्येही रंगला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी ती माघारी बोलावली. स्वतःच्या यंत्रांवर चालणारे जहाज हा मालही असतो आणि कचराही, हे कोडे इतके कठीण ठरले की जहाजे तोडण्यासाठी वेगळा हाँगकाँग करार करावा लागला. भारताने त्यासाठी २०१९ साली जहाज पुनर्चक्रण अधिनियम केला आणि तो करार २६ जून २०२५ पासून लागू झाला.

दुसऱ्या दिशेचा प्रवास

आपण कचरा बाहेरही पाठवतो हे सहसा लक्षात येत नाही. जुन्या संगणकांतली सर्किट पाट्यांवरची मौल्यवान धातूंची सरमिसळ वेगळी करण्याच्या मोठ्या भट्ट्या जगात मोजक्या ठिकाणी आहेत, त्यांतल्या काही बेल्जियम आणि जपानमध्ये. आपल्याकडचे ई-कचरा उद्योग पाट्या वेगळ्या करून तिकडे पाठवतात. अशा वेळी भारत निर्यातदार देश होतो आणि पूर्वसंमती मागण्याचे काम आपल्या मंत्रालयाकडे येते. अर्जदाराने नमुना ५ सोबत विमाही दाखवायचा असतो, आणि घेणाऱ्या देशाचा लेखी होकार आल्याशिवाय निर्यातीला परवानगी मिळत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून या कामाचा पसारा वाढला. तोपर्यंत ई-कचऱ्यातला घातक तेवढाच पूर्वसंमतीच्या कक्षेत होता, आता घातक असो वा नसो, सगळ्याच ई-कचऱ्याला ती लागते. चार वर्षे आधी, १ जानेवारी २०२१ पासून, मिसळलेल्या व अस्वच्छ प्लास्टिकला असाच नियम लागू झाला होता. दोन्ही वेळा कारण एकच होते : ‘दुरुस्तीसाठी’, ‘पुनर्वापरासाठी’ असे लिहून प्रत्यक्षात टाकाऊ माल पाठवण्याची पळवाट.

याहून मोठी सुधारणा १९९५ साली ठरली होती. विकसित देशांनी, म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेतले (ओईसीडी) देश, युरोपीय संघ आणि लिख्टनश्टाइन यांनी, इतर देशांना घातक कचरा मुळीच पाठवू नये, पुनर्चक्रणासाठीही नाही, अशी ती बंदी. पुरेशा देशांची मान्यता मिळून ती लागू व्हायला ५ डिसेंबर २०१९ उजाडले. भारताने ती स्वीकारलेली नाही. याचा अर्थ सगळे रान मोकळे असा होत नाही, कारण युरोपीय संघाने ती आपल्या कायद्यात उतरवलेली असल्याने तिथून घातक कचरा कायदेशीर मार्गाने भारतात येऊ शकत नाही. पण भारताची भूमिका त्यातून दिसते. धातू, शिसे, तेल यांचा कच्चा माल म्हणून पुरवठा बंद होऊ नये आणि निवड आपल्या हाती राहावी, असा तिचा रोख आहे. एकीकडे प्लास्टिकवर करारापेक्षा कडक बंदी आणि दुसरीकडे सरसकट बंदीला नकार, हे वरवर विसंगत दिसते. उद्योगाच्या गरजेच्या बाजूने पाहिले तर मात्र त्यात सुसंगती सापडते. ती मला पूर्णपणे पटत नाही, कारण कारखान्याची क्षमता कागदावर मोजली जाते आणि धूर हवेत जातो.

शिक्षेचे काय

१ एप्रिल २०२४ पर्यंत पर्यावरण अधिनियमाचा भंग करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकत असे. जनविश्वास अधिनियम, २०२३ ने कैद काढून टाकली आणि त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला, जो न्यायालयाऐवजी नेमलेला अधिकारी ठरवतो. याच्या बाजूने असे म्हणतात की जुन्या तरतुदीखाली खटले वर्षानुवर्षे रखडत आणि शिक्षा क्वचितच होई, त्यापेक्षा लवकर वसूल होणारा दंड बरा. म्हणणे रास्त आहे. पण एका कंटेनरमागे सुटणारा नफा आणि १५ लाखांची कमाल मर्यादा यांचे गणित व्यापारी मांडणारच. कराराने मात्र बेकायदा वाहतूक हा गुन्हा समजावा असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे, आणि नव्या दंडपद्धतीत ही बाब कशी बसते हा प्रश्न मला मोकळाच दिसतो. सीमाशुल्क अधिनियमाखालची जप्ती आणि कारवाई वेगळी चालू राहते, हे खरे.

अंबडच्या त्या कारखान्यातला स्लज देशाबाहेर जात नाही. तो रांजणगावला जातो आणि तिथे पक्क्या अस्तराच्या खड्ड्यात बंद होतो. पण तिथले सुपरवायझर काका ज्या फाइलमध्ये निळ्या प्रती लावून ठेवतात, तिच्यात मला दोन पाने कोरी दिसली. त्या दोन फेऱ्यांच्या निळ्या प्रती आल्या नव्हत्या. त्यांनी वाहतूकदाराला फोन केला होता, केंद्राला ईमेल केला होता आणि मंडळाच्या सातपूरच्या कार्यालयात देण्यासाठी पत्राचा मसुदाही लिहून ठेवला होता. पाठवून टाकले म्हणजे सुटलो असे होत नाही, पावती येईपर्यंत पिंप माझ्याच नावावर आहे, असे सांगत त्यांनी कोऱ्या पानांवर पेन्सिलीने गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहिली आणि फाइल पुन्हा कपाटात ठेवली.